'सॉलिड कार्बाइड' म्हणून हायस्पीड स्टील गळ्यात मारलं: 3,542 रुपये गेले, तुम्ही सावध राहा

छोट्या सीएनसी राउटरसाठी (संगणकाच्या आज्ञेवर शीट कापणारं यंत्र) बारीक बिटं, म्हणजे त्याची फिरती कापणारी पाती, ऑनलाइन मागवणाऱ्या सांगली-मिरजेतल्या सगळ्यांनी हे वाचाच. 3.175 मिमी शँक (यंत्रात धरायचा दांडा), एक फ्लूट (भुगा बाहेर काढणारी खाच), जाहिरातीत ठळक अक्षरात 'सॉलिड कार्बाइड', म्हणजे अख्खं बिट टंगस्टन कार्बाइड या फार कठीण पदार्थाचं. 145 रुपये नग, 20 नगांचे 2,900, त्यावर 522 जीएसटी आणि 120 कुरियर. पैसे आधीच यूपीआयने घेतले आणि पाठवलं काय, तर निळा लेप चढवलेलं हायस्पीड स्टील, कार्बाइडहून मऊ!

एमडीएफमधलं (लाकडाचा भुसा दाबून केलेली शीट) रेझिन, म्हणजे चिकटवणारा डिंक, स्टीलची धार बघता बघता खातं. पहिल्या शीटच्या अर्ध्यातच कडा काळ्या पडल्या, जळका वास सुटला. 3 मिमी अॅक्रिलिकवर तर भुगा उडायच्या ऐवजी वितळून फ्लूटमध्येच थिजला आणि 1,180 रुपयांची शीट वाया गेली. एकूण नुकसान 4,722.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: "तुमचं फीड (बिट पुढे सरकवायचा वेग) चुकलं." काय चुकलं? 10,000 आरपीएम, एक फ्लूट, मिनिटाला 600 मिमी, म्हणजे एका फेऱ्याला 0.06 मिमीचा काप, खोली 1 मिमी. फीड फारच कमी ठेवलं तर बिट कापायच्या ऐवजी घासतं आणि माल जळतो, हे मान्य. पण 0.06 ला कार्बाइड असं जळत नाही.

पाकीट हातात आलं तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण ते हलकं होतं. टंगस्टन कार्बाइडची घनता घन सेंटिमीटरला 14 ते 15 ग्रॅम, हायस्पीड स्टीलची 8 च्या आसपास. 38 मिमी लांबीचं कार्बाइडचं असं बिट पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतं. सराफाच्या काट्यावर यातलं एकेक जेमतेम दोन ग्रॅम भरलं. पण नवीन बिट आल्या आल्या सराफाकडे कोण नेतो? लेपाखाली धातूचा रंगही दिसत नाही. लोक सांगतात चुंबक लावा. कार्बाइडमध्ये कोबाल्ट असतो, त्यामुळे तेही थोडं चिकटतं, आणि माणूस गोंधळतो. स्टील खटकन चिकटतं, एवढाच फरक. ठिणगी बघायची तर कुपवाड एमआयडीसीत धार लावणाऱ्याकडे एक नग ग्राइंडरला टेकवा. स्टीलच्या ठिणग्यांची लांब धार निघते, कार्बाइडच्या आखूड, लालसर आणि मोजक्या. तोंडाला मास्क हवाच, ती धूळ वाईट.

व्हर्नियरही (बारीक जाडी मोजायचं माप) लावा. शँक 3.175 च्या जागी 3.10 असेल तर कोलेट (बिट धरणारी यंत्राची पकड) नीट पकडत नाही आणि अपकट बिट (भुगा वर ओढणारं) चालता चालता खाली सरकून माल खोल कापतं. पीसीबीची ड्रिलं (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीला भोकं पाडणारी) घेणाऱ्यांनी लांबी मोजावी: नवीन 38.1 मिमी, दांड्यावरच्या प्लास्टिकच्या रिंगपासून टोकापर्यंत 20.3. रिंगपासूनचं अंतर बरोबर आणि एकूण लांबी कमी, तर ते पुन्हा धार लावलेलं जुनं ड्रिल आहे.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात विचारतात, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" कार्बाइडच्या पैशात स्टील देणं ही फसवणूक नाही तर काय आहे? ग्राहक हेल्पलाइनवाले विक्रेत्याचं उत्तर जसंच्या तसं पुढे ढकलतात आणि 'निराकरण झाले' म्हणून तक्रार बंद करून टाकतात. कोणाचं निराकरण झालं? पुन्हा नोंदवा तर नवा क्रमांक, पुन्हा तेच कागद. प्रत्येकाचा एकच प्रश्न: बिलावर कार्बाइड कुठे लिहिलंय? तिथे फक्त 'राउटर बिट 20 नग'. हा शब्द मुद्दामच गाळलेला असतो. म्हणून पैसे देण्याआधी बिलावर धातू लिहून मागा, नाही म्हणाला तर सोडून द्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, नंतर पान बदलतं.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्री साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. त्याचं नावच साइटवर नसेल तर तिथून घेऊच नका. विक्रेता कुठलाही असो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो. मालाची दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. वजनाचा फोटो काट्याच्या आकड्यासकट काढा. सगळी बिटं वापरून टाकू नका, दोन-तीन पाकिटातच ठेवा: आयोगाने माल प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं तर कोरे नग लागतील.