सगळ्या वावरात पऱ्हाटी (कापूस) की दोन एकर ज्वारी?

दर जूनमध्ये आमच्याकडे हाच वाद. पैशाच्या हिशोबाने पऱ्हाटी पुढेच आहे भाऊ, 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल अन संकरित ज्वारीचा 3699, तो भाव खरंच भेटला तर रोख हातात येते, पोरीची फी भरता येते. पण ही रोख येते कशी तेही पाहा, बोंडअळी आली की फवारणीवर फवारणी, अन 2017 ला यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली ते विसरायचं काहून? वेचणीला मजूर भेटत नाही ते वेगळंच.

ज्वारीत पैसा कमी, खरंय. रानडुकरं अन पाखरं तुटून पडतात, रात्री जागलीला जावं लागते. पण कर्जाच्या काळजीने जाणारी झोप वेगळी अन जागलीची वेगळी. वर घरची भाकर, बैलांना कडबा, खर्च थोडा.

माझं म्हणणं, ज्याचं पीककर्ज थकलंय त्याने यंदा पऱ्हाटीच लावावी, बाकीच्यांनी दोन एकर ज्वारीला सोडावं, तेही घरच्या बाईला विचारून, कारण निंदण तिच्याच माथी असते.