रोपं एक नंबर, डॉक्टरकी मात्र नको

गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून मागच्या महिन्यात सदाफुलीची सहा रोपं आणली, तीन गुलाबी, दोन पांढरी आणि एक पांढरंच पण मधे लाल टिकलीवालं, चाळीसला एक सांगत होते, घासाघीस करून सहाचे दोनशे वीस दिले. रोपं खरंच निरोगी, घरी आल्यावर एकानेही मान टाकली नाही, आठवड्यात कळ्या. फक्त पिशवीत नुसती काळी माती असते, ती पाणी धरून ठेवते आणि सदाफुलीचं मूळ कुजतं, म्हणून मी वाळू कालवून कुंड्या भरल्या. ऊन कितीही द्या, चालतं.

खटकलं ते पुढे. पैसे देताना नर्सरीवाले काका सासूबाईंना म्हणाले, "आई, शुगर आहे ना, रोज उपाशीपोटी चार पानं चावून खा, गोळी सुटेल." झालं, आई खुश! घरी त्यांना आवरता आवरता माझ्या नाकी नऊ आले.

अहो, कॅनडात नोबल आणि बीअर हे दोघं संशोधक १९५० च्या दशकात शुगरचंच बघायला निघाले होते, सदाफुलीची पानं जमैकाहून आलेली. उंदरांना अर्क पाजला तर शुगर ढिम्म, टोचला तर उंदीर इन्फेक्शनने मेले, कारण पांढऱ्या पेशीच घटल्या. तिथून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध सापडलं, मग व्हिन्क्रिस्टिन, जे लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरला आजही देतात. एका पेशीच्या दोन होताना आत जे धागे लागतात ते हे औषध बनूच देत नाही. वाळलेली शेकडो किलो पानं लागतात तेव्हा कुठे ग्रॅमभर औषध निघतं, आणि व्हिन्क्रिस्टिन तर शिरेतूनच, मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण २ मिलीग्रॅमच्या वर देत नाहीत, तरी हातापायाला मुंग्या येतात. आणि इथे काका "चार पानं" म्हणतायत, त्यात कुठलं अल्कलॉइड, म्हणजे झाडातलं असलं जहाल रसायन, किती, हे कोण मोजणार? शंभरावर आहेत त्यात.

आई अजून सकाळी कुंडीपाशी दिसतात. देवाला फुलं काढते म्हणतात. मी पानं मोजून ठेवलीयेत.

रोपांना पाचपैकी साडेचार, सल्ल्याला शून्य. रविवारी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि टिकलीवाली आधी संपते.