के-कोड मस्टँग, एलएस-६ शेवेल की हेमी कुडा: अस्सल इंजिनाची खात्री कुठे लवकर पटते?

जुनी अमेरिकन मसल कार (साध्या बॉडीत दमदार इंजिन बसवलेली गाडी) घेताना बॉनेट उघडण्याआधी चासी नंबर वाचा. साध्या इंजिनाची गाडी आणि दमदार इंजिनाची गाडी बाहेरून जवळपास सारखीच दिसते, किंमत मात्र कैक पटींनी वेगळी. बिल्ले, पट्टे, एअर क्लीनरवरचे स्टिकर सगळं आज नवं मिळतं. म्हणून दोन गोष्टी तपासायच्या: कारखान्यातून निघताना गाडीत कोणतं इंजिन होतं, आणि आज आहे ते तेच आहे का. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणजे दुसऱ्याचं मिळालं असं समजू नका. माणसं फसतात ती इथेच.

१९६५ ते ६७ ची फोर्ड मस्टँग यात सगळ्यांत सरळ. चासी नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनाचं. ‘५एफ०९के’ म्हणजे १९६५ साल, डिअरबॉर्नचा कारखाना, फास्टबॅक (मागे उतरत्या छताची) बॉडी आणि २८९ घनइंचाचं २७१ अश्वशक्तीचं ‘हाय-पो’ (हाय परफॉर्मन्स) इंजिन. या ‘के’ वरूनच के-कोड हे नाव. तिथे ‘ए’ असेल तर तेच २८९, पण २२५ अश्वशक्तीचं. नंबर डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. हा पत्रा बदलता येतो, त्यामुळे त्याचे वेल्डिंगचे ठिपके नीट बघा. १९६५ च्या के-कोड गाडीत चार गिअरचा मॅन्युअल बॉक्सच असतो आणि कारखान्याचा एसी नसतो. खाली वाकलात तर आणखी एक खूण सापडते. के-कोडला मागचा डिफरन्शियल नऊ इंची असतो आणि त्याच्या तळाच्या दोन नटांवर सॉकेट पाना सरळ बसत नाही. साध्या मस्टँगच्या आठ इंचीवर बसतो.

शेवर्ले शेवेलचं तसं नाही. १९७० ची ४५४ घनइंची, ४५० अश्वशक्तीची एलएस-६ आणि ३०७ इंजिनाची साधी शेवेल मालिबू, दोन्ही हार्डटॉपचा (पक्क्या छताच्या, मधल्या खांबाविनाच्या बॉडीचा) चासी नंबर ‘१३६३७’ नेच सुरू होतो. व्ही-८ आहे एवढंच तो सांगतो. खरी एलएस-६ इंजिनं बनली ४,४७५, आणि मालिबूची एलएस-६ करायला सामान पुष्कळ मिळतं. म्हणून भिस्त इंजिनाच्या ब्लॉकवर. ड्रायव्हरशेजारच्या (अमेरिकन गाडीत उजव्या) बाजूच्या सिलिंडर हेडपुढे एक छोटी सपाट पट्टी आहे, तिच्यावर ‘टी०२१३सीआरव्ही’ असा ठसा असतो: टोनावांडा कारखाना, १३ फेब्रुवारी, मॅन्युअल गिअरची एलएस-६. ऑटोमॅटिकला ‘सीआरआर’. शेजारी चासी नंबराचे शेवटचे आकडे जुळायला हवेत, आणि ठशातली तारीख गाडी जुळवल्याच्या तारखेआधीची हवी.

आता त्या पट्टीवर तिरका टॉर्च मारा. कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग यंत्रावर तासला जाई, त्याच्या एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा पट्टीवर राहतात आणि ठसा त्या रेघांवर उमटलेला दिसतो. पट्टी गुळगुळीत असेल तर ओव्हरहॉलमध्ये ब्लॉक तासला गेला असेल, नाहीतर आकडे नव्याने ठोकले असतील. नुसत्या नजरेने यातलं काय खरं ते ठरत नाही. तेव्हा बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागद, हवीच. बहुतेक वेळा ती पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते. अमेरिकेत विकलेल्या शेवेलची इंजिननिहाय नोंद कंपनीकडून मिळत नाही. कॅनडात विकलेली गाडी असेल तर जीएम (शेवर्लेची मालक कंपनी जनरल मोटर्स) कॅनडाकडून मिळते.

१९७० ची प्लिमथ कुडा या दोघींच्या मधली. ‘बीएस२३आर’ मधला ‘आर’ म्हणजे ४२६ घनइंचाचं हेमी (अर्धगोल दहनकक्षाचं इंजिन), ‘व्ही’ म्हणजे तीन कार्ब्युरेटरची ४४०. बॉनेटखालच्या टॅगवर खालच्या ओळीपासून वाचायला घ्या, सुरुवातीलाच हेमीसाठी ‘ई७४’ दिसेल. हा टॅग नवा करून मिळतो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा नंबर, बॉडीवर ठोकलेले आकडे आणि ब्लॉकवरचा ठसा एकमेकांशी ताडून बघा. हेमी हार्डटॉप फक्त ६५२ बनल्या, त्यामुळे खोटी करण्याचा मोह इथे सर्वांत मोठा.

पहिल्यांदाच घेत असाल तर माझं मत १९६७ च्या के-कोड मस्टँगला. त्या सालापासूनच्या फोर्ड गाड्यांच्या मूळ उत्पादन नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडून विकत मिळतात, १९६५-६६ च्या मिळत नाहीत. हेमी घ्यायची ऐपत असेल तर आधी मोपारच्या (प्लिमथसकट क्रायस्लर गटाच्या गाड्यांच्या) स्वतंत्र तपासनिसाला पैसे द्या, मगच इसार द्या. आणि शेवेलवरच जीव जडला असेल तर बिल्ड शीटशिवाय एलएस-६ चा भाव देऊ नका. बघायला जाताना टॉर्च, मऊ फडकं आणि थोडं ग्रीस काढायचं द्रावण सोबत असू द्या. पट्टी फडक्यानेच पुसा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावलात तर ज्या रेघा बघायला गेलात त्याच पुसल्या जातील.