जुने जर्मन फोटो घेताय? माझे ४३१ युरो ९९ सेंट गेले, ते कसे ते वाचा

आधीच सांगतो, मी नाझी वस्तू जमवणाऱ्यांतला नाही. कमेंटमध्ये तो सूर लावणाऱ्यांनी इथेच थांबावं. श्टुटगार्टला आल्यापासून मला नाद लागला तो १९३३ च्या आधीच्या, रानावनात भटकणाऱ्या पोरांच्या संघटनांचा. १९०१ साली बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झमध्ये निघालेली वांडरफोगेल, त्यानंतरचे सतराशे साठ 'बुंड' (म्हणजे अशाच पोरांचे संघ), आणि आमच्याच श्टुटगार्टच्या एबरहार्ड क्योबेलने १ नोव्हेंबर १९२९ ला सुरू केलेली युंगेनशाफ्ट. लॅपलँडच्या लोकांचे तंबू बघून त्याने बेतलेला काळा 'कोटे' तंबू जर्मन स्काउट आजही वापरतात. रविवारच्या जुन्या बाजारात असे फोटो दोन-तीन युरोला एक मिळतात. तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

मग ऑनलाइन एक अल्बम दिसला. 'एकाच मुलाचा, १९३१ ते १९३६.' आधीची पानं बुंडच्या कपड्यांत, नंतरची हिटलर युगेंडच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या युवक संघटनेच्या. जून १९३३ मध्ये हिटलर युगेंडचा प्रमुख बाल्डुर फोन शिराखच्या हाती देशभरच्या युवक संघटनांची सूत्रं गेली आणि बुंड मोडीत निघाले. त्या उलथापालथीच्या आधीचा आणि नंतरचा एकच चेहरा एका अल्बममध्ये सापडणं म्हणजे घबाडच. किंमत ३४० युरो, टपाल ६ युरो ९९ सेंट.

आता तो क्षण, ज्याने माझी अजून झोप उडते. तिसऱ्या पानावर पांढऱ्या शाईने लिहिलंय 'उन्हाळा १९३१', आणि वरच्या फोटोत मुलाच्या डाव्या बाहीवर खांद्याखाली काळा त्रिकोण. दोन ओळींत प्रदेशाचं नाव असलेला हा त्रिकोण हिटलर युगेंडचा, आणि तोही १९३३ नंतरचा. १९३१ मध्ये तो बाहीवर येईलच कुठून? मला हे दिसलं होतं. मी विचारलंही होतं. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: मुलाने मोठेपणी आठवणीने साल टाकलं असेल, शंका असेल तर अमुक तज्ज्ञांना विचारा. तज्ज्ञाने ८५ युरो घेऊन सहीशिक्क्याचं पत्र दिलं. शंका आली, प्रश्न विचारला, वर पैसे मोजून दुसरं मत घेतलं. याहून जास्त खबरदारी गिऱ्हाईक काय घेणार? दोघे एकाच ताटात जेवणारे निघतील हे मला स्वप्नात दिसणार होतं का? (विक्रेत्याने सुचवलेला तज्ज्ञ हा तज्ज्ञ नसतो. तुमचा माणूस तुम्ही शोधा.)

खरी मेख स्टिकरची. जर्मन फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ मुळे स्वस्तिक उघड दाखवून विकता येत नाही, म्हणून विक्रेते त्यावर काहीतरी चिकटवतात. रीतच आहे ती, कुणाला संशय येत नाही. या अल्बममध्ये एका मुलाच्या दंडावर गोल पांढरा स्टिकर होता. आपण काय समजणार? खाली लाल-पांढरी-लाल पट्टी आणि मधोमध स्वस्तिक. घरी आल्यावर हेअर ड्रायरने गरम करून तो सोलला. खाली नुसती बाही. पट्टी नाही, बिल्ला नाही, काही नाही. फोटो कोपऱ्यांतून काढून उलटा केला तर मागे फिकट पेन्सिलीत 'झेकाम्प १९२७'.

झेकाम्प! कीलजवळ १९२७ साली तिथे समाजवाद्यांच्या मुलांचं भलंमोठं शिबिर भरलं होतं, 'मुलांचं प्रजासत्ताक' म्हणायचे त्याला. नाझींनी १९३३ मध्ये ज्यांची संघटना बंद पाडली त्यांची पोरं मला हिटलर युगेंड म्हणून विकली. तज्ज्ञाच्या पत्रात काय, तर 'गळ्यात युंगफोल्कचा (हिटलर युगेंडच्या लहान मुलांच्या शाखेचा) काळा रुमाल'. समाजवाद्यांच्या पोरांचा रुमाल लाल आणि शर्ट निळा. अरे, त्या काळच्या बऱ्याच फिल्मवर लाल रंग काळाच उमटतो आणि निळा शर्ट पांढरट दिसतो! कृष्णधवल फोटोतल्या रुमालाचा रंग कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर तिथूनच काढता पाय घ्या.

उरलेल्यांतले बरेच फोटो मी अतिनील टॉर्चखाली धरले. निळे-पांढरे लखलखले. ही चकाकी देणारं रसायन फोटोच्या कागदात १९५० च्या सुमारास आलं. म्हणजे सरळ सरळ नव्या प्रती. टॉर्च १२ युरोला मिळते, अल्बमच्या आधी ती घ्या.

पैसे मी ॲपवरून 'मित्र आणि कुटुंब' पर्यायाने पाठवले, कारण 'फी वाचते' म्हणाला. सगळेच तसे पाठवतात. तुम्ही पाठवू नका. त्यात खरेदीदाराला काडीचं संरक्षण नाही. ॲपवाल्यांनी एका ओळीत हात झटकले.

आणि पोलीस! ऑनलाइन तक्रार केली, मग बोलावणं आलं. समोरच्या साहेबाला फसवणुकीत रस शून्य. पहिला प्रश्न: तुमच्याकडे बंदी असलेली चिन्हं आहेत का? अहो, नाहीत हीच तर माझी तक्रार आहे! तो टाइप करतच राहिला. वर माझं आडनाव आणि कातडी बघून, भारतात हे चिन्ह चालतं ना, असं विचारलं. आता दाराशी रांगोळीत काढलेलं स्वस्तिक आणि हे यांतला फरक त्याला समजावत बसू का? पुढे सरकारी वकिलाचं पत्र आलं, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७०, पोटकलम २, तपास बंद. कारण विक्रेता म्हणतो की मला तो अल्बम एका मृताच्या घरातल्या सामानात असाच मिळाला, आणि त्याला ठाऊक होतं हे सिद्ध होत नाही. मग ते स्टिकर भुतांनी लावले? 'खासगी विक्री, माल परत नाही' ही ओळ जाणूनबुजून लपवाछपवी करणाऱ्याला वाचवत नाही, नागरी कायद्याच्या कलम ४४४ मध्ये तसं स्वच्छ लिहिलंय. पण ते दिवाणी कोर्टात. वकिलाने सांगितलेली फी ऐकून मी गप्प उठलो.

साल, गणवेश आणि बिल्ला एकमेकांशी जुळत नसतील तर खुलासे ऐकत बसू नका. प्रत्येक फोटोची मागची बाजू मागा. तिथे स्वस्तिक नसतं, त्यामुळे कायद्याची सबब चालत नाही. आणि दक्षिण जर्मनीतून कुणी गोल पांढऱ्या स्टिकरचे फोटो घेतले असतील तर स्टिकर सोलून मागे काय लिहिलंय ते मला कळवा. तोवर पोलिसांकडे एकेकट्याने जाऊ नका, चार-पाच तक्रारी एकदम टेबलावर पडल्या तरच ते मान वर करतील.