युरोपा की एन्सेलॅडस? संशोधनासाठी चंद्र निवडताना

एम.एस्सी.नंतर ग्रहविज्ञानात पीएच.डी. करायची आहे आणि ओढा बर्फाखालच्या महासागरांकडे आहे, अशा विद्यार्थ्यापुढे आज दोन नावे प्रथम येतात: गुरूचा युरोपा आणि शनीचा एन्सेलॅडस. दोघांच्याही गोठलेल्या कवचाखाली खारे पाणी आहे आणि दोघांनाही ग्रहाच्या भरती-ओहोटीच्या बलामुळे आतून ऊब मिळते. एवढे साम्य असले तरी त्यांचा अभ्यास करणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत, म्हणून निवड विचारपूर्वक करावी.

एन्सेलॅडसचा व्यास जेमतेम 504 किलोमीटर आहे. एवढा चिमुकला गोल केव्हाच थिजून गेला असेल, असे वाटण्याचेच दिवस होते. परंतु 2005 मध्ये शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या चार लांब भेगांतून वाफ आणि हिमकण अवकाशात उसळताना आढळले. या चंद्राचे सर्वांत मोठे आकर्षण हेच आहे, कारण येथे खोदकाम न करता महासागराचा नमुना हाती येतो. 28 ऑक्टोबर 2015 रोजी कॅसिनी पृष्ठभागापासून अवघ्या 49 किलोमीटरवरून या फवाऱ्यातून गेले आणि त्या वेळच्या मोजमापांतून रेणवीय हायड्रोजन (H₂) सापडला. समुद्रतळाशी गरम पाणी आणि खडक यांची रासायनिक क्रिया चालू असल्याची ती खूण मानली जाते. पुढे 2023 मध्ये जुन्याच नोंदींतल्या मोजक्या हिमकणांत फॉस्फेटची क्षारे ओळखता आली. यान नष्ट होऊन सहा वर्षे लोटल्यावरही त्याची विदा (डेटा) असे निष्कर्ष देत होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही विदा सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे. साधा संगणक आणि चिकाटी असली की काम सुरू करता येते.

तिची मर्यादाही मोठी आहे. कॅसिनी 1997 मध्ये निघाले तेव्हा हे फवारे कोणाला ठाऊकच नव्हते. साहजिकच त्यावरील उपकरणे मोठे सेंद्रिय रेणू नेमके ओळखण्यासाठी घडवलेली नव्हती. नवी विदा लवकर येण्याची चिन्हे नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेची नियोजित मोहीम 2040 च्या दशकात निघेल आणि 2050 च्या दशकात पोहोचेल. आज तेवीस वर्षांचा असलेला विद्यार्थी तोवर पन्नाशीच्या आसपास असेल.

युरोपाचे सारे याच्या उलट आहे. त्याचा व्यास सुमारे 3,120 किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राहून थोडा कमी आहे आणि त्याच्या पोटात पृथ्वीवरच्या सर्व महासागरांच्या सुमारे दुप्पट पाणी असावे असा अंदाज आहे. मात्र ते पाणी बाहेर येते की नाही, याविषयी अजून वाद आहे. हबल दुर्बिणीने टिपलेल्या फवाऱ्यांच्या खुणा निर्विवाद ठरलेल्या नाहीत. महासागराचा सर्वांत भक्कम पुरावा चुंबकीय आहे आणि तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या परिवलनाच्या अक्षाशी सुमारे 10 अंश कललेला असल्यामुळे युरोपाभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दर साधारण 11 तासांच्या आवर्तनाने पालटत राहते. पोटात विद्युतवाहक खारे पाणी असेल तर त्यात प्रवाह निर्माण होऊन युरोपाचे स्वतःचे प्रेरित क्षेत्रही त्याच तालावर दिशा बदलले पाहिजे. 3 जानेवारी 2000 रोजी गुरूभोवती फिरणारे गॅलिलिओ यान युरोपाजवळून गेले, तेव्हा शास्त्रज्ञ मार्गारेट किव्हेलसन यांच्या गटाला हे क्षेत्र अपेक्षेप्रमाणे उलटलेले आढळले. भौतिकशास्त्रातून येणाऱ्या विद्यार्थ्याला याहून सुंदर प्रवेशद्वार मिळणे कठीण आहे.

शिवाय येथे वेळापत्रक अनुकूल आहे. 14 ऑक्टोबर 2024 रोजी निघालेले नासाचे युरोपा क्लिपर यान एप्रिल 2030 मध्ये गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. तीव्र किरणोत्सर्गामुळे ते युरोपाभोवती न फिरता गुरूच्या लांबट कक्षेतून 49 वेळा जवळून जाईल. त्यावरील रडार बर्फाच्या आत डोकावेल आणि कवचाच्या जाडीचा रेंगाळलेला प्रश्न सुटण्याची आशा आहे. अर्थात तोपर्यंत युरोपावर काम करणाऱ्याला बहुतांशी गॅलिलिओची तुटपुंजी विदा आणि प्रतिमाने यांवरच भागवावे लागेल.

चुंबकक्षेत्र, रडार किंवा बर्फाचे यांत्रिक वर्तन यांत रुची असेल, तर युरोपा निवडावा. येथे मला दुसरा पर्याय दिसत नाही. रसायनशास्त्राकडे कल असणाऱ्याला मात्र मी सुरुवात एन्सेलॅडसपासून करण्यास सांगेन. क्लिपरवरचा धूलिकण विश्लेषक हा कॅसिनीवरच्या विश्लेषकाच्याच तत्त्वावर चालतो: वेगाने येणारा कण धातूच्या पट्टीवर आदळून फुटतो आणि उडालेल्या आयनांचे (विद्युतभारित कणांचे) वस्तुमान मोजून त्यांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वस्तुमानाचे किती आयन याचा आलेख, मिळवला जातो. असे वर्णपट वाचण्यासाठी प्रयोगशाळेत निर्वातातील पाण्याच्या बारीक धारेवर लेसरचा झोत मारून हा आघात जणू पुन्हा घडवतात, पाण्यात निरनिराळे क्षार व सेंद्रिय द्रव्ये मिसळून त्यांच्या नोंदी जमवतात आणि यानाकडून आलेला वर्णपट त्यांच्याशी ताडून पाहतात. कॅसिनीच्या कणांवर हे कौशल्य आज शिकणाऱ्याला 2030 नंतर युरोपाचे कण वाचताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.