फ्लॉमला जहाज लागल्यावर: ट्रेन की स्टेगास्टाइनची बस?

मामेभाऊ जूनमधे मामा-मामींना घेऊन नॉर्वेच्या क्रूझला चाललाय, साउदम्प्टनहून, आणि त्याचा प्रश्न एकच, फ्लॉमला, म्हणजे फ्योर्डच्या काठावरच्या छोट्या गावाला, जहाज एक दिवस थांबणार तर ट्रेन करायची की डोंगरावरची ती बस. माझं दोन्ही करून झालंय, 2023 ला आई-बाबांना घेऊन ट्रेन, आणि नंतर मी आणि बायको दोघंच गेलो तेव्हा बस. म्हणून त्याला व्हॉट्सॅपवर जे लांबलचक टाईप केलं होतं तेच जरा नीट लिहितोय. जॅकेट किती जाड घ्यायचं, फ्योर्ड म्हणजे डोंगरांत लांब शिरलेली समुद्राची खाडी, वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

आधी ट्रेन, कारण सगळे आधी तिचंच नाव घेतात. फ्लॉम्सबाना. काम खरंच थोर आहे, त्यात वाद नाही. फ्योर्डच्या काठावरून निघून 20 किलोमीटरमधे 867 मीटरवर म्युरदालला पोचते, तासाभरात. 1924 ला काम सुरू झालं आणि 1940 ला गाडी धावली. बोगदे 20, त्यातले 18 हाताने खोदलेले. चढ बघाल तर बराचसा रस्ता 18 ला 1, म्हणजे 18 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. आपल्या कर्जत-लोणावळ्याला 37 ला 1 आहे आणि तिथे मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लावावे लागतात, म्हणजे विचार करा. माथेरानची गाडी 20 ला 1 चढते आणि अंतरही जवळपास तेवढंच, पण ती पडली खेळण्यातली, ही पूर्ण साइझची.

आणि स्टेशन जहाजापासून पायी पाच-सात मिनिटांवर, म्हातारी माणसं बरोबर असतील तर हा मुद्दा लहान नाही. पाऊस असला तरी काही अडत नाही, उलट धबधबे जास्त जोरात.

मग बिनसलं कुठे? बोगद्यांत. माथेरानला एकच बोगदा, तोही इतका छोटा की त्याचं नाव वन किस टनेल, इथे 20. म्हणजे खिडकीबाहेर दरी उघडते, खाली नदी, पलीकडे हिरव्या उतारावर चार लाल घरं, तुम्ही फोन वर उचलता, फोकस होतो आणि अंधार. परत उजेड, परत फोन, परत अंधार. आमच्या डब्यात उघडणाऱ्या खिडक्या मोजक्याच होत्या आणि त्यांच्यापाशी आधीच लोक कोपरं रोवून उभे, बाकी आम्ही काचेमागे, आणि बाहेर अंधार झाला की काचेत आपलाच चेहरा. संध्याकाळी केबिनमधे आईने बहिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवायला म्हणून फोन उघडला, तर दहा-बारा मिनिटांच्या शूटिंगमधे निम्मा वेळ आईच, चष्म्यासकट, काचेतून आपल्याकडे बघतेय आणि मागे बाबांचा आवाज, "अगं गेलं, गेलं, आता पुढचं घे." बहीण म्हणाली, आई, नॉर्वे कुठाय? आम्ही हसलो खरे, पण आईचा चेहरा जरा उतरला होता. एवढ्या लांब येऊन, एवढे पैसे घालून, तिला जे दिसलं ते दाखवता आलं नाही.

मधे एकदा गाडी थांबते, क्योसफोसेन धबधब्यापाशी, पाचेक मिनिटं. अख्खी गाडी एका प्लॅटफॉर्मवर उतरते, तुषारांनी सगळे ओले, आणि उन्हाळ्यात वर खडकावर लाल झग्यातली एक बाई गाण्यावर नाचते. ती म्हणजे हुल्ड्रा, तिकडच्या लोककथांतली जंगलातली बाई, पुरुषांना भुलवून नेणारी. बाबांना ते फार आवडलं, मला जरा जत्रेतल्यासारखं वाटलं, ज्याची त्याची आवड. मग वर म्युरदाल. तिथे गावच नाही हो, बर्गन-ओस्लो लाइनवरचं एक जंक्शन, आणि आमच्यासारखे जहाजवाले थोडा वेळ पाय मोकळे करून त्याच गाडीने, त्याच 20 बोगद्यांतून परत.

आता बस. स्टेगास्टाइन हा व्ह्यूपॉइंट, फ्लॉमहून अर्ध्या तासावर, जाऊन येऊन दीड तासात काम होतं. काठाकाठाने आउरलान गावापर्यंत रस्ता सरळ, तिथून पुढे घाट सुरू, आणि तो असा अरुंद की समोरून गाडी आली की कोणीतरी मागे घ्यायचं. आमच्या ड्रायव्हरने एका वळणावर बस रिव्हर्स घेतली तेव्हा बायकोने माझा दंड जो धरला तो वर पोचेपर्यंत सोडला नाही, एसटीने वरंध घाट केलेल्या बाईची ही तऱ्हा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊनच बसा.

वर गेल्यावर मात्र समोर लाकडी पूल डोंगरातून थेट हवेत निघालेला, 30 मीटर, आणि टोकाला तो खाली वळतो. तिथे कठडा नाही, फक्त तिरकी काच, त्यामुळे लांबून वाटतं की पूल तसाच कोसळतोय. खाली साडेसहाशे मीटर सरळ आउरलान्सफ्योर्ड. आम्ही होतो तेव्हा खालून एक बोट चालली होती, बोट तांदळाच्या दाण्याएवढी, मागची पांढरी रेघ तेवढी लांबच लांब दिसत होती आणि आवाज शून्य. त्या काचेला कपाळ टेकून मी दहा मिनिटं उभा होतो, कोणी हाकललं नाही, कुठला बोगदा आला नाही. हो, आणि तिथल्या टॉयलेटला जाऊन या, लागली नसली तरी. तिथे एका बाजूला पूर्ण काच आणि समोर दरी.

धोका एकच, ढग. वर धुकं असेल तर 30 मीटर चालत जाऊन पांढरा पडदा बघायचा. त्यामुळे मी तरी बस आधीपासून बुक करा असं छातीठोक सांगणार नाही. पण जहाजं लागलेली असतील त्या दिवशी दोन्हीकडची तिकिटं पटकन संपतात, सकाळी ढग बघून ठरवू म्हणाल तर दोन्ही हातचं जायचं. आम्ही रिस्क घेतली, आम्हाला ऊन मिळालं, नशीब.

पैशाचं म्हणाल तर बस स्वस्त. जहाजाच्या डेस्कवरून घेतलं तर दोन्ही महाग, पण त्यांच्याच टूरवर उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतः बुक केलं तर थांबत नाही. दीड तासाच्या बसला ही भीती मला फारशी वाटली नाही, जाऊन-येऊन ट्रेनला मात्र घड्याळ बघत बसलो होतो.

तिसरा पर्याय नॅरॉयफ्योर्डातून गुडवांगनपर्यंत इलेक्ट्रिक बोटीचा. तो मी केलेला नाही. जहाजातून उतरून परत बोटीतच बसायचं, हे मनाला पटलं नाही एवढंच.

तर माझं मत, एकच काहीतरी होणार असेल तर बस. ट्रेन वाईट नाही, पाऊस असेल, पाय दुखत असतील तर ट्रेनच बरी, पण डोळ्यांत जे राहिलं ते त्या लाकडी पुलावरून दिसलेलं.

मामेभावाला हेच सांगितलं, त्याला पटलं, बस बघतोच म्हणाला. मग त्याने फोन मामांकडे दिला. मामा कर्जतला रेल्वेत गार्ड होते, उभी नोकरी घाटात गेली. आम्ही दरी, व्ह्यू वगैरे बोलत होतो ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चढ किती म्हणालास?" मी म्हटलं 18 ला 1. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग, "आणि बँकर?" मी म्हटलं, मामा, तिथे दोन्ही टोकांना एकेक इंजिन असतं. पलीकडून मामींचा आवाज आला, "अहो, फोन द्या त्याला, ट्रेनचंच काढायला सांगा."