नवीन लेबर कोडनंतर आमचं पगाराचं सॉफ्टवेअर: ५ पैकी ३ स्टार

आमच्या छोट्या कारखान्याचा पगार मी काढते, ४० माणसं आहेत. हे सॉफ्टवेअर दोन वर्षं वापरतेय, नाव देत नाही कारण सपोर्टशी अजून बोलणं चालू आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड (केंद्राचे नवीन कामगार कायदे) लागू झाले, जुने २९ कायदे त्यात गेले आणि माझ्या टेबलावर पहिला प्रश्न आला तो बेसिकचा, म्हणजे मूळ पगाराचा. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरची रक्कम वेतनात धरायची, म्हणजे ज्या रकमेवर पीएफ निघतो त्यात. आमच्या सिनियर ऑपरेटरचं बघा, एकूण ३०,०००, त्यात बेसिक १२,००० आणि बाकी भत्ते, म्हणजे वेतन आता १५,००० धरायचं. हे काम सॉफ्टवेअरने एका क्लिकमध्ये केलं, ४० जणांचं, एकही चूक नाही, त्यासाठी पूर्ण मार्क. पीएफ १,४४० वरून १,८०० झाला, मालकाच्या बाजूनेही तेवढाच वाढला, त्यांना ते जड गेलं पण आकडे समोर होते म्हणून वाद झाला नाही.

पण स्लिप बघून तोच ऑपरेटर दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल घेऊन आला, "मॅडम, ३६० रुपये कुठे गेले?" स्लिपवर फक्त आकडा, कारण कुठेच नाही. मी कागदावर मांडून दाखवलं, हे तुमच्याच पीएफ खात्यात जातायत, वर कंपनीचेही तेवढेच जास्त येतायत, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी रक्कम, तीसुद्धा वाढीव वेतनावर निघणार. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पण मुलीची फी याच महिन्यात भरायचीय." यावर मला काही बोलता आलं नाही. ज्याच्या हातात कमी पैसे येतात त्याला कारण त्याच्याच भाषेत, त्याच स्लिपवर दिसायलाच पाहिजे, यात मी तडजोड करणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ठराविक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते, म्हणून मी एक डमी नाव टाकून बघितलं, एक वर्षाचा करार, वेतन १५,०००. ८,६५४ यायला हवे होते (१५,००० भागिले २६ दिवस गुणिले १५ दिवस), आले शून्य, आत पाच वर्षांची अट तशीच बसलेली! मी तपासलं नसतं तर असा खरा माणूस रिकाम्या हाताने गेला असता आणि उद्या नोटीस आमच्या नावावर आली असती. तीन मेल केल्यावर दुरुस्त झालं.

फुल अँड फायनलचंही तेच, कोडप्रमाणे नोकरी सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब द्यायचा, सॉफ्टवेअर अजून महिनाअखेरची तारीख दाखवतं, मी हाताने बदलते.

घ्यायचं असेल तर घ्या, महिन्याच्या पगाराचा हिशोब पक्का आहे, पण आधी डमी कामगार टाकून बघाच. मराठी स्लिपची मागणी मी टाकलीय, तोपर्यंत प्रत्येक स्लिपमागे स्वतः टाईप केलेली चिठ्ठी जोडतेय.